तळाची ओळ

खेळाची गोष्ट सांगणारे लोक गुणतक्ता वरून खाली वाचतात. पहिला कोण, दुसरा कोण, दोघांत किती गुणांचं अंतर, इथे त्यांची गोष्ट संपते. खालचे तीन-चार संघ तक्ता भरण्यापुरते असतात. चित्रपट, मालिका, पुस्तकं, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, सगळ्यांना ही सवय आहे आणि ती इतकी जुनी आहे की तिला कुणी सवयही म्हणत नाही. या लेखात मला तक्ता खालून वर वाचायचा आहे. क्लब कुणाच्या पैशावर चालतो आणि तो पैसा थांबला की त्याचं काय होतं, हे तळाच्या ओळीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं वरच्या ओळीत दिसत नाही.

मी राहतो महाडला. मूळ गाव पोलादपूर तालुक्यात. आमच्याकडे खेळ म्हणजे कबड्डी, आणि भातकापणी झाली की मोकळ्या शेतात टेनिस बॉलचं क्रिकेट. फुटबॉल आम्हाला भेटतो तो मुख्यतः मोबाइलवर. तरीही फुटबॉलच्या गोष्टींकडे बघायची एक रीत मला गावानेच दिली. गावकीच्या बैठकीत जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. मुंबईकरांची वर्गणी इतकी, गावात राहणाऱ्यांची इतकी. कबड्डी संघाची प्रवेश फी, टेम्पोचं भाडं, टी-शर्ट, जेवण. मागील शिल्लक, चालू शिल्लक. प्रत्येक वर्गणीदाराचं नाव आणि रक्कम. ऐकायला अतिशय कंटाळवाणं प्रकरण. पण ते संपतं तेव्हा एक गोष्ट बैठकीतल्या प्रत्येकाला ठाऊक झालेली असते : हा संघ कुणाचा आहे.

हाच प्रश्न मी ‘वेलकम टू रेक्सहॅम’ या मालिकेला विचारतो. २०२२ साली सुरू झालेली ही माहितीपट-मालिका आपल्याकडेही बऱ्याच जणांनी पाहिली. वेल्समधलं रेक्सहॅम हे जुनं कोळसा-खाणीचं गाव. त्यांचा क्लब २००८ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून घसरला आणि पाचव्या स्तरावर, म्हणजे ज्याला ‘नॉन-लीग’ म्हणतात त्या जगात, पंधरा वर्षं अडकून पडला. २०२१ च्या फेब्रुवारीत रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी या दोन अभिनेत्यांनी तो विकत घेतला. २०२३ च्या एप्रिलमध्ये संघ वर चढला, तोही १११ गुणांचा विक्रम करून. हा चढ मालिकेचा कणा आहे.

मालिका चांगली आहे, हे आधी कबूल करायला हवं. तिला गाव दिसतं. मैदानाला लागून असलेला पब दिसतो, अपंग प्रेक्षकांची सोय बघणारी बाई दिसते, जवळच्या ग्रेसफर्डच्या खाणीत १९३४ साली गेलेली २६६ माणसं आठवतात. हॉलिवूडचा पैसा असलेली मालिका इतकी नम्र असेल असं वाटत नाही. पण या नम्रतेला एक मर्यादा आहे. मालिका गावातल्या माणसांचं दुःख मनापासून ऐकते. मात्र शेजारच्या गावाचं ऐकत नाही. प्रतिस्पर्धी तिला दिसतो तो शर्यतीत असेल तेवढाच. त्या हंगामात १०७ गुण मिळवूनही दुसरा राहिलेला नॉट्स काउंटी तिला दिसतो. त्याच तक्त्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र जणू कुणी नाहीच.

त्या टोकाला कोण होतं ते बघू. २०२२-२३ च्या हंगामात त्या लीगमधून चार संघ खाली गेले : टॉर्की युनायटेड, योव्हिल टाउन, स्कन्थॉर्प युनायटेड आणि मेडस्टोन युनायटेड. यातला स्कन्थॉर्प २०११ पर्यंत इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावर खेळत होता. बारा वर्षांत तो सहाव्या स्तरावर पोहोचला, आणि या घसरणीत मालक बदलत होते, थकलेल्या बिलांची चर्चा होती, क्लबचं मैदान नेमकं कुणाच्या मालकीचं यावर वाद होता. टॉर्की तर मालिकेच्या अगदी हाताशी होता. हंगामातला रेक्सहॅमचा शेवटचा सामना टॉर्कीच्या मैदानावर झाला, १-१ बरोबरीत सुटला. एक संघ विजेता म्हणून आला होता, दुसरा त्या हंगामाअखेर खालच्या लीगमध्ये गेला. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, टॉर्की क्लब प्रशासकांच्या हाती गेला आणि नियमाप्रमाणे त्याचे दहा गुण कापले गेले.

एकाच गवतावर, एकाच दुपारी, एकाच तक्त्याची दोन टोकं. कुठल्याही कादंबरीकाराने हा प्रसंग सोडला नसता. मालिकेचं लक्ष वरच्या टोकावरच राहिलं, कारण तिची सगळी बांधणी चढाची आहे. आणि चढाची गोष्ट सांगताना पैसा हा इंधनासारखा दाखवावा लागतो : तो आहे, तो मोलाचा आहे, पण तो संपू शकतो हा विचार गाडीत बसलेल्या माणसाने करायचा नसतो. २०२२-२३ या वर्षात रेक्सहॅमचा तोटा ५१ लाख पौंडांच्या घरात होता, आणि क्लब मालकांचंच मोठं देणं लागत होता. विजेत्या संघाच्या हिशेबातली ही शेवटची ओळ आणि टॉर्कीच्या हिशेबातली शेवटची ओळ यांत गुणात्मक फरक फारसा नाही. फरक इतकाच की एका ठिकाणी मालक अजून पैसे भरायला तयार होता.

याच रेक्सहॅमची दुसरी एक गोष्ट आहे, आणि मला ती अधिक मोठी वाटते. २०११ मध्ये हा क्लब बुडण्याच्या बेतात होता. लीगला हमीची रक्कम भरायची होती. चाहत्यांनी एका दिवसात एक लाख पौंडांहून अधिक रक्कम जमा केली. त्या वर्षाच्या अखेरीस क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा झाला आणि पुढची नऊ-दहा वर्षं तसाच राहिला. या काळात संघ वर गेला नाही. पण बुडालाही नाही. दोन अभिनेत्यांना विकत घेण्यासारखं काहीतरी शिल्लक राहिलं ते या वर्गणीदारांमुळे, आणि विकण्याचा निर्णयही त्यांनीच मतदान करून घेतला. मालिकेत या लोकांबद्दल आदर आहे. पण तिच्या दृष्टीने ते प्रस्तावनेत आहेत. गोष्ट सुरू होते ती पाहुणे आल्यावर.

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्राला फुटबॉलमधली घसरण नवी नाही. तिची गोष्ट सांगण्याची पद्धत मात्र आपल्याकडे जवळपास नाही.

मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संघ परवान्याच्या अटी पुऱ्या न केल्याने आय-लीगबाहेर गेले. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये देशात दुसरा आला होता. २०१५ नंतर तो राहिला नाही. या चारही संघांपैकी एकही मैदानावर हरून गेला नाही. रेलिगेशन नावाची शिक्षा त्यांना झालीच नाही. त्यांच्या बाबतीत वही मिटली गेली.

मैदानावरची घसरण आणि वहीतली घसरण एकमेकींत कशी गुंतते हे बघायचं तर आय-लीगचे तीन लागोपाठचे हंगाम बघावेत. २०१४-१५ मध्ये कल्याणी समूहाचा पुण्यातला नवा संघ भारत एफसी तळाला राहिला. पण कंपनीने थेट प्रवेश घेतलेल्या संघाला सुरुवातीला खाली जाण्यापासून सूट होती. म्हणून त्याच्या वरचा संघ खाली गेला. तो संघ होता गोव्याचा डेम्पो, पाच वेळा देशाचा विजेता. आणि ज्याच्यासाठी सूट ठेवली तो भारत एफसी काही महिन्यांत बंद झाला. त्याच हंगामात तिसरा आलेला शिलाँगचा रॉयल वाहिंगडोहही पुढच्या वर्षी लीगमध्ये उतरला नाही.

२०१५-१६ मध्ये तेच पुन्हा घडलं. या वेळी तळाला पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स होता आणि त्यालाही सूट होती. त्याच्या वरचा ऐझॉल एफसी खाली गेला. मग फुटबॉल महासंघाने भविष्याचा आराखडा मांडला, त्यात आय-लीगचं स्थान दुय्यम होणार हे दिसलं, आणि गोव्याचे साळगावकर, स्पोर्टिंग आणि नुकताच परत वर आलेला डेम्पो या तिघांनी माघार घेतली. जागा रिकाम्या झाल्या. ऐझॉलला परत बोलावण्यात आलं. आणि २०१६-१७ मध्ये हाच ऐझॉल ३७ गुणांसह, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून, देशाचा विजेता झाला.

ही कथा तेव्हा सगळ्यांनी ‘परीकथा’ म्हणून लिहिली. माझा आक्षेप या शब्दावर आहे. ऐझॉलच्या मुलांचं कर्तृत्व खरंच होतं. त्यातला एक गुणही मला कमी करायचा नाही. पण परीकथेत परी कुठून आली हे विचारायचं नसतं. इथे विचारलं तर उत्तर मिळतं : तीन गोवेकर क्लब घरी बसले तेव्हा ही जागा तयार झाली. एकाची परीकथा ही दुसऱ्याची पडझड होती. परीकथा म्हटलं की नियम, सूट, माघार, आराखडा हे सगळं धुक्यात जातं आणि उरतो तो चमत्कार. समीक्षेचं काम हे धुकं हटवण्याचं आहे, कारण त्यामागे माणसांच्या नोकऱ्या गेलेल्या असतात.

याच हंगामात तळाला होता मुंबई एफसी, एस्सेल समूहाचा क्लब. ऐझॉलचा प्रशिक्षक होता खालिद जमील, जो आदल्या वर्षापर्यंत मुंबई एफसीचाच प्रशिक्षक होता. २००९ पासून सुमारे सात वर्षं त्याने मुंबई एफसी चालवला. मोठे खेळाडू नाहीत, मोठा खर्च नाही, आणि तरी संघ एकदाही खाली गेला नाही. २०१६ मध्ये त्याला काढण्यात आलं. पुढच्याच हंगामात तो दुसऱ्या संघासोबत देशात पहिला आला आणि त्याचा जुना क्लब शेवटचा.

हा योगायोग सांगायला सगळ्यांना आवडतो. मला त्यातली विजेतेपदाची बाजू कमी महत्त्वाची वाटते. सात वर्षं खाली न जाणं, हे खरं मोठं काम. पण त्या कामाची गोष्ट कशी सांगणार? त्यात उत्कर्षबिंदू नाही. दर वर्षी एप्रिल-मेमध्ये चार बरोबऱ्या, एक कसाबसा विजय, आणि पुढच्या वर्षी परत तेच. कर्जात असलेल्या घरातली बाई महिनाअखेर निभावते तसं हे काम. ते नीट झालं तर दिसत नाही. चुकलं तरच दिसतं. आपली कथनपद्धती चढ आणि पडझड या दोनच हालचाली ओळखते, टिकून राहणं ही हालचाल तिला दिसतच नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जमील भारतीय संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला तेव्हा पुन्हा ऐझॉलचीच आठवण काढली गेली. मुंबईतल्या त्या सात वर्षांवर लिहायला कुणी बसलं नाही.

मुंबई एफसी घसरला तो खालच्या पायरीवर थांबला नाही, बंदच झाला. डीएसके शिवाजियन्सही त्याच वर्षी मिटला. मूळ समूह आर्थिक अडचणीत आला होता आणि पुण्यातल्या हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले होते, त्यापुढे फुटबॉल संघाची कथा ती काय. इथे मला रेलिगेशन या कल्पनेचाच अर्थ नव्याने कळतो. खाली पडायला खालची पायरी लागते. टॉर्की घसरला तेव्हा त्याच्या खाली सहावा स्तर होता, तिथे त्याची वाट बघणारे संघ होते, आणि दर शनिवारी मैदानावर येणारी माणसं होती. प्रशासक आले, गुण कापले गेले, मग स्थानिक लोकांच्या गटाने क्लब घेतला. मुंबई एफसीच्या खाली पायरी नव्हती. कागदावर दुसरी श्रेणी होती. पण तिथे खेळायची गरज मालकाला वाटली नाही, आणि मालकाशिवाय कुणाची वर्गणी त्या क्लबमध्ये नव्हती. ज्याचा एकच वर्गणीदार असतो त्या संघाची घसरण होत नाही. त्याचं फक्त खातं बंद होतं.

महाराष्ट्रात पायरी आहे ती कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब : ही नावं समूहांची नाहीत, पेठांची आणि तालमींची आहेत. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठ रिकामी होते. त्यातला एखादा संघ एखाद्या वर्षी फसला तर पेठ काही विकली जात नाही. प्रायोजक येतो, टी-शर्टावर नाव लावतो, जातो. तालमीची इमारत आणि तिच्यासमोरचा कट्टा जागेवर असतो. याचं गोड चित्र रंगवायचं कारण नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्या, पेठेचा अहंकार, खेळाडूंच्या पळवापळवीची कुजबुज, हे सगळं तिथे आहे. पण हे आजार जिवंत शरीराचे आहेत.

इथे माझ्या गावकीच्या मोजपट्टीवरही बोलायला हवं, नाहीतर ती फारच निर्मळ दिसेल. वर्गणी म्हणजे मालकी, हे खरं. पण वर्गणी कुणाकडून घेतली जाते? बैठकीत कोण बसतं? ज्या महाडमध्ये मी हे लिहितो तिथे १९२७ च्या मार्चमध्ये चवदार तळ्यावर नेमका हाच प्रश्न विचारला गेला. तळं सार्वजनिक होतं, पालिकेने ते सर्वांना खुलं केलं होतं, आणि तरी त्या ‘सर्वांत’ कोण येतं हे ठरवण्यासाठी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसांना तिथवर चालत जाऊन पाणी प्यावं लागलं. ‘क्लब लोकांचा’ असं कुणी म्हटलं की महाडच्या माणसाने लोक म्हणजे कोण, हे विचारलंच पाहिजे.

नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ला (२०२२) मी याच जागेवरून बघतो. चित्रपट हिंदी, पार्श्वभूमी नागपूरची, विजय बारसे यांच्या कामावर आधारलेली. त्यात लीग नाही, श्रेणी नाही, घसरणही नाही, कारण ही मुलं तक्त्यातच नाहीत. त्यांच्या वाटेत तळाची ओळ नसून भिंत आहे. चित्रपट लांबला आहे, उत्तरार्धात तो प्रत्येकाची कहाणी सांगायच्या मोहात पसरतो, हे आक्षेप मला मान्य आहेत. पण पैशाच्या बाबतीत तो ‘रेक्सहॅम’पेक्षा शहाणा आहे. प्राध्यापक सुरुवातीला मुलांना पैसे देऊन खेळायला बोलावतो. एक दिवस तो पैसे देणं थांबवतो, आणि मुलं तरीही खेळतात. पुढे पासपोर्टसाठी कागद जमवताना या खेळाची खरी किंमत किती आणि ती कुणाला मोजावी लागते, हे मंजुळे सावकाश, कंटाळा येईपर्यंत दाखवतात. तो कंटाळा मला जमाखर्चाच्या वाचनासारखा वाटतो. तो हवाच.

पैसे थांबल्यावर खेळ उरतो की नाही, ही एकच कसोटी लावली तर सगळी उदाहरणं जागेवर बसतात. २०११ च्या रेक्सहॅममध्ये उरला. नागपूरच्या वस्तीत उरला. कोल्हापुरात उरतो. मुंबई एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स यांच्यात उरला नाही. त्या संघांत खेळणारी मुलं कमी जिद्दीची होती असं कुणी म्हणणार नाही. त्यांच्या पायाखाली पायरी बांधलेली नव्हती, इतकंच.

इंडियन सुपर लीगने २०१४ पासून घसरणीचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला : तिथे कुणी खाली जातच नव्हतं. गुंतवणूकदाराला धोका नको म्हणून तळाच्या ओळीला अर्थच ठेवला नाही. २०२५ च्या जुलैत करारांच्या गुंत्यामुळे त्या लीगचा पुढचा हंगामच थांबवल्याचं जाहीर झालं. खाली जाण्याची भीती काढून टाकलेल्या तक्त्याला अख्खाच्या अख्खा कोसळण्याची भीती आली. आमच्याकडची कबड्डी खेळणारी पोरंही आता प्रो कबड्डी बघून मोठी होतात, आणि तिथेही तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच दिव्यांत, त्याच गाण्यावर उतरतो. ती मुलं गावच्या संघाकडून मात्र दर मोसमात काहीतरी गमावायच्या तयारीने खेळतात : हरलो तर टेम्पोचं भाडं कोण देणार, इथपासून.

मराठीत खेळावर लेखन कमी होतं असं नाही. खेळाडूंची चरित्रं आहेत, आठवणी आहेत, विजयाच्या कहाण्या आहेत. नाही ती क्लबची चरित्रं. त्यातही बंद पडलेल्या क्लबची. मुंबई एफसीच्या दहा वर्षांचं पुस्तक कुणी लिहायला घेतलं तर त्यात एक प्रकरण निव्वळ हिशेबाचं असावं, एक सामान सांभाळणाऱ्या माणसाचं असावं, एक कूपरेजवर नेमाने येणाऱ्या मोजक्या प्रेक्षकांचं असावं, आणि सात प्रकरणं खाली न गेलेल्या सात वर्षांची असावीत. वाचकाला ती एकसारखी वाटली तर वाटू द्यावीत. सातव्या प्रकरणापर्यंत पोहोचलेल्या वाचकाला आठव्याची किंमत आपोआप कळेल.